बुर्यातांच्या गावी

सैबेरियाचे नाव काढले की आपल्यापुढे दोन गोष्टी उभ्या राहतात. एक बर्फ आणि दुसरी काळ्या पाण्याची शिक्षा. दोन्ही खऱ्या आहेत. पण तेवढ्यावरच आपण थांबलो तर तिथे माणसे राहतात, गुरे राखतात, पोरे शाळेत घालतात, हे ध्यानातच येत नाही. आज मी तुम्हांला ज्या गावी नेणार आहे तिथे जानेवारीत पारा शून्याच्या खाली वीस अंशांच्याही पलीकडे उतरतो. मी मात्र गेलो तो २०१९ सालच्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. त्या दिवसांत तिथे सुगीची धांदल असते. सुगी कशाची म्हणाल, तर गवताची. लांबलचक हिवाळ्यासाठी गवत कापायचे, वाळवायचे आणि गंजी रचायच्या. आपल्याकडच्या कडब्याच्या गंजी आठवा, म्हणजे ते दृश्य डोळ्यांपुढे येईल.

गावाचे नाव आगिन्स्कोए. लोक नुसते 'आगा' म्हणतात, कारण आगा नावाच्या नदीच्या काठी ते वसले आहे. ही नदी ओनोन नदीला मिळते आणि ओनोनचे पाणी पुढे आमूर नदीवाटे पॅसिफिक महासागरात जाते. नकाशा जवळ असेल तर आधी बैकल सरोवर शोधा आणि तिथून बोट उजवीकडे न्या. मॉस्कोहून आगगाडीने निघाले तर सुमारे सहा हजार दोनशे किलोमीटरांवर एक मोठे शहर लागते. त्याचे नाव आहे चिता! मराठी माणूस ऐकून दचकतो; पण शहर चांगले नांदते-गाजते आहे. चिताहून आग्नेयेकडे मोटारीने दीडशेहून अधिक किलोमीटर गेले की आगा. तिथले घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. आपल्याकडे सकाळचे सहा वाजतात तेव्हा तिथे साडेनऊ झालेले असतात.

वाटेत दोन्ही बाजूंना माळ. झाड दिसलेच तर डोंगराच्या उतारावर, पाइन आणि भूर्जाचे. बाकी सगळे गवत. पाऊस आपल्या माणदेशाहूनही कमी, म्हणून शेतीपेक्षा मेंढरे, गायी आणि घोडे ह्यांवर भिस्त. धनगरवाड्यावरच्या श्रोत्यांना तिथे फारसे परके वाटणार नाही. लोकर दाबून, पाणी मारून जमवायची आणि त्याचा जाड बुरणूस करायचा, हे ते लोक पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. त्यांचे पूर्वीचे गोल घर, म्हणजे यर्ट, अशा बुरणुसानेच मढवलेले असे. आता बहुतेक सगळे लाकडी घरांत किंवा सिमेंटच्या चाळीवजा इमारतींत राहतात. २०१० च्या शिरगणतीत गावाची वस्ती साडेपंधरा हजार होती. म्हणजे आपला एखादा बाजारपेठेचा गाव समजा.

आता हे बुर्यात कोण? ते मंगोल कुळीचे लोक. रशियात ते साडेचार लाखांहून थोडे अधिक आहेत, म्हणजे आपल्या एक-दीड तालुक्याएवढे. १६४३ साली, इकडे शिवराय तेरा वर्षांचे होते तेव्हा, रशियाचे कोसाक शिपाई बैकलच्या काठी पोचले. मागून वसाहतवाले आले आणि कुरणांवरून तंटे सुरू झाले. तेव्हा खोरी नावाच्या बुर्यात कुळांची पुढारी मंडळी थेट मॉस्कोला, पीटर बादशहाकडे फिर्याद घेऊन गेली. १७०३ साली त्यांना आपल्या जमिनीची सनद मिळाली. त्या काळी घोड्यावरून एवढे अंतर! ही हकीकत आगा भागातली माणसे अजून अशी सांगतात, जणू त्यांचा चुलत-आजाच त्या मंडळींत होता.

खोरींची अकरा कुळे, आणि त्यांच्या उत्पत्तीची कथा आहे राजहंसिनीची. खोरिदोय नावाच्या शिकाऱ्याने तळ्याकाठी उतरलेल्या हंसी पाहिल्या. पिसांचा वेष उतरवून त्या मुली झाल्या आणि पाण्यात शिरल्या. त्याने एकीचा वेष लपवला. ती त्याची बायको झाली, तिला अकरा मुलगे झाले. म्हातारपणी ती म्हणाली, "आता तरी तो वेष एकदा अंगावर घालून पाहू दे." त्याने दिला, आणि ती घराच्या धुराड्यातून उडून गेली. आपल्याकडे उर्वशीची कथा ठाऊक असलेल्यांना ह्यात ओळखीचे काही सापडेल. म्हणून राजहंस दिसला तर खोरी बुर्यात त्याला इजा करीत नाही.

मी ज्यांच्याकडे उतरलो त्या बाई शाळेत बुर्यात भाषा शिकवतात. बरोबर चिताहून आलेला एक तरुण दुभाषी होता. घराच्या अंगणात एक लाकडी खांब उभा होता, माणसाहून उंच, वर कोरीव गाठी. त्याला 'सेर्गे' म्हणतात. घोडा बांधण्याचा खुंट तो. आता त्या घरी घोडा नव्हता, एक जपानी मोटार होती. पण खांब होता. घर पडले, माणसे दुसरीकडे गेली, तरी सेर्गे उपटायचा नाही, असा रिवाज. तो आपला आपण कुजून पडेल तेव्हा पडेल. खांब उभा आहे तोवर इथे कुणाचे तरी घर आहे, अशी समजूत.

आत गेल्यावर प्रथम पांढरा पदार्थ पुढे आला. दूध, साय, दही ह्यांना ते 'पांढरे अन्न' म्हणतात आणि पाहुण्याचा मान त्यानेच करतात. चुलीतल्या विस्तवाला आधी घास द्यायचा, मग आपण खायचे, हेही आपल्या नैवेद्यासारखेच. चहा मात्र दूध आणि मीठ घातलेला. पहिला घोट जड जातो. तिसऱ्या घोटाला थंडीत तेच बरे वाटू लागते. जेवणात 'बूझ' होते. बूझ म्हणजे काय, हे सांगायला मला आपल्या उकडीच्या मोदकाशिवाय दुसरी उपमा सुचत नाही. तशीच पारी, तशाच कळ्या, तसेच वाफेवर उकडणे. फक्त आत खोबरे-गूळ नाही, कांदा घातलेला खिमा. आणि वर शेंडी न वळता बारीकसे तोंड उघडे ठेवतात. हाताने उचलायचे, कडेला दाताने छिद्र पाडून आधी आतला रस प्यायचा आणि मग खायचे. शाकाहारी श्रोत्यांनी एवढे ऐकून घ्यावे आणि मोदकावर समाधान मानावे.

त्या घरी मला सगळे 'बग्शा' म्हणत. बग्शा म्हणजे गुरुजी. आता गंमत पाहा. हाच शब्द मध्य आशियातून मोगलांबरोबर हिंदुस्थानात आला. आपल्याकडे 'बक्षी' हा हुद्दा होता आणि आज ते आडनाव आहे, ते ह्याच शब्दाचे भावंड. असे ओळखीचे शब्द तिथे पावलोपावली भेटतात. शेजाऱ्याचे आडनाव बझारोव. आपल्याला वाटावे, ह्यांचा आठवड्याच्या बाजाराशी काही संबंध असेल. तसे नाही, 'बझार' म्हणजे वज्र. गार्मा म्हणजे कर्म. एर्देनी म्हणजे रत्न. खनिज पाण्याच्या झऱ्याला ते 'अर्शान' म्हणतात, ते आपले रसायन. जुन्या मंगोल लिखाणात वारांची नावे आहेत ती ऐका : अद्या, सुम्या, अंगारग, बुद, बर्खसबदी, सुगर, संचिर. आदित्य, सोम, अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र, शनैश्चर! सात वार सात पोरांसारखे ओळीत उभे आहेत, फक्त थंडीने नाके लाल झालेली. बौद्ध धर्म तिबेटातून आणि मंगोलियातून तिकडे गेला, त्याच्या दप्तरातून हे शब्द गेले.

गावाबाहेर थोड्या अंतरावर ह्या धर्माचे मोठे ठाणे आहे, आगाचा दात्सान. दात्सान म्हणजे मठ आणि विद्यापीठ मिळून एक. १८११ साली त्याची स्थापना झाली. तिथे तत्त्वज्ञान शिकवीत, वैद्यक शिकवीत; आणि मुख्य म्हणजे तिथे छापखाना होता. खिळ्यांचा नव्हे, ठशांचा. लाकडी फळीवर एक पान उलटे कोरायचे, शाई लावायची, कागद दाबायचा. शंभर पानांच्या पोथीला फळीची दोन्ही अंगे कोरली तरी पन्नास फळ्या. पाने लांबोडकी, सुटी, वरखाली पाट्या आणि भोवती कापड, अगदी आपल्या पोथीच्या रुमालासारखे. तिबेटी भाषेतली पुस्तके तशीच बुर्यातांच्या लिखित मंगोल भाषेतली पुस्तकेही इथून निघत. १९३०-४० च्या दशकात सोव्हिएत सरकारने सगळे दात्सान बंद केले, लामांना तुरुंगात आणि छावण्यांत धाडले, कित्येकांना गोळ्या घातल्या. महायुद्धानंतर १९४६ साली हा दात्सान पुन्हा उघडला. पुढे चाळीस-एक वर्षे साऱ्या सोव्हिएत देशात बौद्धांचे असे दोनच मठ चालू होते : उलान-उदेजवळचा इवोल्गाचा आणि हा आगाचा.

आम्ही गेलो तेव्हा म्हाताऱ्या बाया प्रदक्षिणा घालीत होत्या, उजवीकडून, आपल्यासारख्याच. वाटेतली मंत्रचक्रे हाताने फिरवीत होत्या. एक तिशीतला लामा पुढे आला आणि मला हिंदीत म्हणाला, "चाय पियेंगे?" मी थक्क झालो. चौकशी केली तर हा गृहस्थ कर्नाटकात मुंडगोडला नऊ वर्षे शिकून आलेला. मुंडगोडला तिबेटी निर्वासितांनी द्रेपुंग मठ पुन्हा उभारला आहे आणि त्यातल्या गोमांग विद्यालयात बुर्यात, मंगोल, काल्मिक विद्यार्थी येण्याची जुनी परंपरा आहे. त्याला हुबळीचे स्टेशन माहीत होते, बेळगाव माहीत होते, आणि हापूस आंब्याची आठवण काढून तो हळहळला. ठशांच्या फळ्यांविषयी विचारले तेव्हा म्हणाला, "तिबेटी मी वाचतो. उभी मंगोल लिपी मला वाचता येत नाही."

श्रोतेहो, इथेच मला आजच्या बोलण्याच्या गाभ्याकडे यायचे आहे. विशेषतः शिक्षक मंडळींनी इकडे लक्ष द्यावे.

बुर्यातांची जुनी लिपी म्हणजे उभी मंगोल लिपी. वरून खाली लिहायची, एक ओळ संपली की दुसरी तिच्या उजवीकडे. शब्द मणक्यांसारखा एका उभ्या दोऱ्यात ओवलेला. ह्या लिपीत त आणि द सारखेच दिसतात, ओ आणि उ सारखेच. वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखायचे. आपल्या मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नव्हता, तसेच काहीसे. पंडितांना हा दोष वाटे. पण त्यात एक सोय होती. बैकलच्या अलीकडचा बुर्यात, पलीकडचा बुर्यात आणि मंगोलियातला मंगोल, तिघे एकच लिखाण आपापल्या उच्चाराने वाचू शकत.

१९०५ साली आग्वान दोर्जिएव ह्या मोठ्या बुर्यात लामाने ह्या लिपीत सुधारणा केली आणि प्रत्येक ध्वनीला वेगळी खूण दिली. तिचे नाव ठेवले 'वागिंद्र'. ऐकलेत ना? वाचेचा इंद्र, वागिंद्र. त्याच्या स्वतःच्या तिबेटी नावाचे ते संस्कृत रूप. थोडी पुस्तके निघाली, पण ती लिपी रुजली नाही. ह्याच आगा भागातला बाझार बारादीन म्हणत होता की रोमन अक्षरे घ्या. १९१० साली त्याने तसे पुस्तकही छापले. वीस वर्षांनी, १९३० च्या सुमारास, सरकारने खरोखरच रोमन लिपी आणली. उभी लिपी शाळांतून गेली. बोलीचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा १९३६ साली खोरी बोली प्रमाण धरली गेली. आणि १९३९ साली रोमनही गेली व रशियन अक्षरे आली. त्यांत तीन अक्षरे जास्तीची घातली. त्यांतले एक 'ह' साठी. कारण मंगोल जिथे 'स' म्हणतात तिथे बुर्यात पुष्कळदा 'ह' म्हणतात. चंद्राला मंगोल भाषेत 'सार', बुर्यातात 'हारा'. सिंधूचे हिंदू झाले तसाच हा प्रकार.

म्हणजे दहा वर्षांच्या आत तीन लिप्या! आणि ज्यांनी ह्या गोष्टींचा विचार केला होता त्यांचे काय झाले? बारादीनला १९३७ साली गोळी घातली. दोर्जिएव १९३८ च्या जानेवारीत कैदेत वारला. आगा भागातलाच त्सिबेन झाम्त्सारानो, ज्याने गावोगाव फिरून वीरकथा आणि गाणी टिपून घेतली, तो १९३७ साली पकडला गेला आणि १९४२ साली तुरुंगात मेला. लिपी कुठलीही घ्या, तिच्या बाजूने बोललेला माणूस सुटला नाही.

एक सुटला म्हणावे तर गोंबोझाब त्सिबिकोव, कारण तो १९३० सालीच आपल्या गावी वारला. आगिन्स्कोएतल्या संग्रहालयाला त्याचे नाव आहे. १८७३ साली ह्याच माळावर एका पशुपालकाच्या घरी तो जन्मला, चिताला शिकला, पुढे पीटर्सबर्गच्या विद्यापीठात पौर्वात्य भाषांचा पदवीधर झाला. १८९९ ते १९०२ ह्या काळात तो यात्रेकरू म्हणून तिबेटात गेला. ल्हासा तेव्हा परक्यांना बंद. हा बुर्यात बौद्ध, म्हणून शिरला. छोटा कॅमेरा लपवून त्याने ल्हासाची छायाचित्रे काढली. १९०५ साली ती अमेरिकेतल्या 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकात आली आणि जगाने पोताला राजवाडा पाहिला. त्याने तिबेटातून शेकडो ग्रंथ आणले. संग्रहालयात त्याच्या चित्रापुढे मी उभा होतो तेव्हा शेजारी शाळकरी पोरांचा घोळका होता. पोरे आपापसांत रशियन बोलत होती.

ह्याचा अर्थ बुर्यात भाषा मेली असा नाही. उलट आगा भागात ती पुष्कळ ठिकाणांपेक्षा बरी टिकली आहे. इथल्या दहांपैकी सहाहून अधिक माणसे बुर्यात, बोली खोरी, म्हणजे पुस्तकाच्या भाषेला जवळची. बाजारात, बसमध्ये, मठात ती ऐकू येते. पण २००२ च्या शिरगणतीत साऱ्या रशियात ही भाषा येणारे तीन लाख अडुसष्ट हजार होते, ते २०१० साली दोन लाख अठरा हजारांवर आले. आठ वर्षांत एवढी घसरण होते तेव्हा म्हातारी माणसे मेली एवढेच कारण नसते.

बाईंच्या घरी त्यांच्या मावशी होत्या, शहाऐंशी वर्षांच्या. सगळे त्यांना मान देऊन वागत. मीही त्यांना आजीच म्हणत होतो. एका संध्याकाळी त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात कागद होते. एक पत्र आजींच्या वडिलांचे, उभ्या लिपीत. एक वही त्यांच्या थोरल्या बहिणीची, रोमन अक्षरांत. तिने शाळा त्या दिवसांत केली होती. आणि आजींचे स्वतःचे प्रमाणपत्र, रशियन अक्षरांत. एक घर, एक भाषा, आणि तीन माणसांची तीन अक्षरे. वडिलांचे पत्र आजींना कधीच वाचता आले नव्हते. युद्धात गेलेल्या माणसाचे पत्र ते; त्यात काय असेल, ह्याचा त्यांनी सत्तर वर्षे विचार केला. नातीने अलीकडे उभी लिपी जाणणाऱ्या एका अभ्यासकाला गाठले आणि पत्र वाचून घेतले. मी विचारले, "काय होते त्यात?" आजी हसल्या. "गवत कापून झाले का, असे विचारले होते. करडी घोडी व्याली का, तेही. आणि मुलींना शाळेत घाला म्हणून लिहिले होते."

आपल्याकडेही असे डबे आहेत. १९५० च्या सुमारास मोडी शाळांतून गेली. आज कित्येक घरांत आजोबांची कागदपत्रे, खरेदीखते, पत्रे ट्रंकेत पडून आहेत. जमिनीचा तंटा उपटला की मोडी जाणणारा शोधत तालुक्याला हिंडावे लागते. तरी आपले एक बरे झाले. मोडी गेली, पण बाळबोध आधीपासून घरातच होती. बुर्यातांच्या घरात तशी दुसरी अक्षरे नव्हती.

आता शाळेकडे वळू. शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडायची होती. पण शिक्षक आले होते, फळे रंगवणे चालू होते. बाईंच्या वर्गात भिंतीवर बुर्यात मुळाक्षरे, आणि कडेला एका पट्टीवर हौसेने उभ्या लिपीत लिहिलेली काही नावे. आगा १९३७ पासून २००८ पर्यंत बुर्यातांचा स्वायत्त जिल्हा होता. १ मार्च २००८ रोजी तो चिता प्रांतात मिसळून नवा झाबैकाल्स्की प्रांत झाला. जिल्ह्याला नाव राहिले, काही सोयी राहिल्या, पण निर्णय आता चिताला होतात. त्यावर २०१८ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत शिक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. मुलाने मातृभाषा म्हणून कोणती भाषा शिकायची, हे आता पालकांच्या अर्जावर ठरते. पालकांनी 'रशियन' लिहिले तर रशियनच.

वरवर पाहता ह्यात वाईट काय? सक्ती नको, निवड हवी, असे कोणीही म्हणेल. मलाही आधी तसेच वाटले. बाईंनी मला हिशेब समजावला. अकरावीच्या शेवटी जी सरकारी परीक्षा होते, जिच्यावर विद्यापीठातला प्रवेश अवलंबून, ती रशियनमधून. बुर्यात विषयाचा तास घेतला तर तेवढा वेळ त्या परीक्षेच्या तयारीतून जातो, असे पालकांना वाटते. म्हणजे बाप घरी बुर्यात बोलतो, सणाला बुर्यात कपडे घालतो, पोराला सात पिढ्यांची नावे पाठ करायला लावतो, आणि अर्जावर लिहितो 'रशियन'. पोराचे भले व्हावे म्हणूनच लिहितो. गुरुजी, हे तुम्हांला नवीन आहे का? आपल्या गावात इंग्रजी शाळेची पिवळी बस कुणाच्या दाराशी थांबते, ते तुम्ही रोज पाहता.

सात पिढ्यांची गोष्ट मी उगीच काढली नाही. बुर्यात घराण्यांत वंशावळ ठेवतात आणि ती लेकरांना पाठ असावी असा आग्रह असतो. शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलाने मला ती घडाघडा म्हणून दाखवली, आणि मग तिरंदाजीच्या सरावाला पळाला. तिरंदाजीचे ह्या भागाला वेड आहे. ह्याच आगा भागातल्या व्लादिमीर येशेएवने १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. त्या मुलाला ते माहीत होते. येशेएव माहीत नसलेला पाहुणा त्याला थोडा बावळटच वाटला असावा.

बाईंकडे अर्जांचा एक गठ्ठा होता. पहिलीत आणि पाचवीत येणाऱ्या मुलांचे. काहींवर भाषेचा रकाना कोरा होता. त्या रोज संध्याकाळी दोन-तीन घरी जात. भाषण करीत नसत; चहा घेत, गवताची, गुरांची चौकशी करीत, आणि मग कागद पुढे ठेवीत. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मलाही बरोबर नेले. पहिल्या घरी मुलाची आई एकटीच होती. तिने फारसे न बोलता 'बुर्यात' लिहिले आणि सही केली.

दुसरे घर रस्त्याच्या टोकाला होते. बाप ट्रक चालवणारा, नुकताच चिताहून आलेला. त्याने आम्हांला बसवले, पांढरे अन्न पुढे केले, मला हिंदुस्थानाविषयी विचारले. मग अर्ज उचलून त्याने नीट वाचला आणि बाईंना म्हणाला, "बग्शा, तुम्ही मलाही शिकवलेत. पण ह्याला मी विद्यापीठात पाठवणार आहे." बाई म्हणाल्या, "तुला मी काय कमी शिकवले होते?" तो हसला. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. त्याने अर्ज घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "शनिवारपर्यंत सांगतो."

मी शुक्रवारी चिताला परतलो.